गावचे डॉक्टर म्हणतात पिशवी काढा, पुण्यातले म्हणतात थांबा: असं का होतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ४३ वर्षांची, आष्टी तालुक्यात राहते. ८ महिन्यांपासून पाळीत अंगावर फार जातं. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली, आणि पिशवी काढून टाका म्हणाले. तुम्ही चाकणला नोकरीला आहात म्हणून तिला पुण्यात आणून दाखवलं, तर इथल्या मॅडम म्हणाल्या, घाई नको, आधी रक्त वाढवू, औषध देऊ, ३ महिन्यांनी बघू. हिमोग्लोबिन ८.९ आहे. दोन्ही काकू आणि दोन मावश्या यांच्या पिशव्या चाळिशीच्या आत काढलेल्या आहेत. इथं मात्र बायकोनं सोसायटीत चौकशी केली तर त्या वयात पिशवी काढलेली एकच बाई सापडली. तुम्ही विचारलंय, "आमच्याकडच्या पाण्यात काही आहे का? आणि दोघांपैकी खोटं कोण बोलतंय?"

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, भूलतज्ज्ञ आहे. गेली २६ वर्षं पुण्यात आणि आसपास भूल देते. कुठल्या एका हॉस्पिटलची मी नाही. बॅग गाडीत, सर्जनचा फोन आला की जायचं: सकाळी सदाशिव पेठ, दुपारी हडपसर, संध्याकाळी कधी चाकण, कधी शिरूर. ऑपरेशन करायचं की नाही हे मी ठरवत नाही. पण एका आठवड्यात सात-आठ सर्जनांचं काम मला शेजारी शेजारी बघायला मिळतं, तसं सर्जनला स्वतःला सहसा मिळत नाही. एका ठिकाणी पिशवीची केस महिन्यातून एखादी लागते, तासाभराच्या अंतरावर दुसरीकडे आठवड्याला लागतेच. एकीकडे पित्ताशयाच्या खड्यांची रांग, दुसरीकडे तसेच पेशंट 'दुखलं तर या' सांगून घरी पाठवलेले. एवढ्या अंतरात आजार बदलत नाहीत.

त्यामुळे पाण्यात काही नाही. आणि खोटं कोण, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवते, कारण बऱ्याचदा दोघंही आपापल्या समजुतीप्रमाणे खरं बोलत असतात. खरा प्रश्न असा आहे की ज्या आजारावर दोन-तीन वाटा चालण्यासारख्या असतात, तिथे आपल्या वाट्याला कुठली येणार हे आजारापेक्षा आपण राहतो कुठे यावर का ठरतं.

हे कोडं आजचं नाही. इंग्लंडमध्ये जे. ॲलिसन ग्लोव्हर नावाच्या डॉक्टरांनी १९३८ साली शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या ऑपरेशनांचा हिशेब मांडला. शेजारशेजारच्या भागांत प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं होतं. गरिबी, दाटीवाटीची घरं, हवामान, कशाशीच त्याचा मेळ बसेना. हॉर्न्सी नावाच्या भागात तर १९२९ मध्ये शाळांचा वैद्यकीय अधिकारी बदलला आणि ऑपरेशनं दहाव्या हिश्शाच्याही खाली आली. मुलं तीच, घसे तेच, बघणारा माणूस दुसरा.

त्याच्या थोडं आधी, १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी झाली होती. ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांचे काढायला सांगितले. राहिलेली २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली, त्यांनी ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. त्यातूनही वाचलेली ११६ मुलं तिसऱ्यांदा दाखवली, तर पुन्हा जवळपास निम्म्यांना ऑपरेशन! दोनदा 'काही गरज नाही' ठरलेली मुलं होती ती. डॉक्टरांच्या मनात 'एवढ्या मुलांतल्या इतक्यांना लागतंच' असं एक प्रमाण बसलेलं असतं, आणि समोर कोणीही आणलं तरी नजर त्या प्रमाणात पेशंट शोधते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या ओळखीच्या अनेक ओपीडी डोळ्यांपुढे आल्या.

पुढे जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचे आकडे १९७३ मध्ये छापले. टॉन्सिलची ऑपरेशनं एका भागात दर १०,००० लोकांमागे १३, तर दुसऱ्या भागात १५१. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात मेन राज्यातल्या एका गावात सत्तरीपर्यंत पोचलेल्या बायकांपैकी सुमारे २० टक्क्यांची पिशवी काढलेली असेल असं प्रमाण निघालं, तर दुसऱ्या गावात ७० टक्क्यांची. म्हणजे तुमच्या सोसायटीत आणि तुमच्या भावकीत जो फरक तुम्हाला दिसला, तो तिथेही होताच.

मात्र सगळ्याच ऑपरेशनांत असा फरक पडत नाही. म्हातारं माणूस पडलं, खुब्याचं हाड मोडलं, तर ते आष्टीत असो की कोथरूडमध्ये, ऑपरेशन करा असंच कोणीही सांगणार. निदानात शंका नाही, उपायात मतभेद नाही. अशा ऑपरेशनांचं प्रमाण जवळपास लोकांमधल्या आजाराच्या प्रमाणातच चालतं. फरक वाढतो तो जिथे 'करता येईल, थांबताही येईल' अशी स्थिती असते तिथे: टॉन्सिल, न दुखणारे पित्ताशयाचे खडे, न दुखणारा हर्निया, प्रोस्टेट, गुडघा, सिझेरियन, आणि पिशवी.

आपल्याकडचे आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या बायकांत पिशवी काढलेल्या देशभरात ३.२ टक्के होत्या. आंध्र प्रदेशात मात्र ८.९ टक्के, आणि ईशान्येकडच्या काही राज्यांत १ टक्क्याच्या आसपास. सिझेरियनचं तसंच: २०१९-२१ च्या फेरीत देशाचं प्रमाण २१.५ टक्के, तेलंगणात ६०.७, नागालँडमध्ये ५.२. त्याच फेरीत सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. बाई कुठल्या दारातून आत जाते यावर एवढा फरक.

आणि तुमच्या जिल्ह्याबद्दल तर २०१९ मध्ये विधिमंडळात चर्चा झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या फार मोठ्या संख्येनं काढल्या जातात हे समोर आल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे दर सहा जणींत एक. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी हॉस्पिटलांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. सर्वोच्च न्यायालयानंही राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या तक्रारींवरच्या याचिकेत एप्रिल २०२३ मध्ये गरज नसताना पिशवी काढण्याविरुद्धच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात असा आदेश दिला. तेव्हा तुमच्या घरातल्या चार बायका हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मग हे घडतं कसं? पैसा हे कारण आहेच, ते मी लपवणार नाही. 'पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल' हे वाक्य मी ऑपरेशन थिएटरच्या दारात स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि ज्या बाईला ते सांगितलं होतं तिच्या फाइलमध्ये पांढरं पाणी जाण्यापलीकडे काही नव्हतं. अशा काही केसेस मी पुढे ढकलायला लावल्या. त्यातल्या दोन ठिकाणांहून नंतर मला फोन येणं बंद झालं.

पण पैसा एवढंच कारण धरलंत तर आईच्या बाबतीत चुकाल. सर्जन जिथे शिकतो तिथली सवय घेऊन येतो. त्याच्या सरांनी चाळिशीनंतरच्या रक्तस्रावाला पिशवी काढली, की तोही काढतो, आणि त्याच्या हाताखाली शिकलेले दोघं शेजारच्या तालुक्यांत तेच करतात. साधन हाताशी आलं की त्याचा वापर वाढतो. उपनगरातल्या एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीचा सेट आला त्या वर्षी पित्ताशयाची ऑपरेशनं किती वाढली हे मी माझ्या डायरीत बघितलंय. खडे काही त्या वर्षी वाढले नव्हते. आणि जो डॉक्टर गोळ्या, हार्मोनची तांबी, दुर्बिणीतून नुसती गाठ काढणं हे सगळं करू शकतो, तो हे सगळं सुचवतो. ज्याच्याकडे पिशवी काढण्याचीच सोय आहे, तो तेच सुचवतो.

सगळ्यात मोठं कारण मात्र मला वाटतं पेशंट परत येण्याचं आहे. औषधाची वाट म्हणजे दर महिन्याला तपासणी, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तुमच्या गावाकडच्या डॉक्टरांना माहीत असतं की दिवाळीच्या आगेमागे टोळी कारखान्यावर गेली की ही बाई पाच-सहा महिने दिसणार नाही. मध्येच फार रक्त गेलं तर फडावर कोण बघणार? म्हणून तो हात लागलेलं काम पुरं करून टाकतो. पुण्यातल्या मॅडम 'थांबू' म्हणतात, कारण त्यांचे पेशंट रिक्षानं वीस मिनिटांत परत येऊ शकतात. दोघांचाही विचार आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. पण आईचं घर आष्टीत आणि डॉक्टर पुण्यात, ही तिसरीच गोष्ट झाली, तिचा विचार दोघांपैकी कोणीच केलेला नसू शकतो.

आणि बायका स्वतःही ऑपरेशन मागतात, हे विसरू नका. एक प्रसंग सांगते. शिरूरकडच्या एका नर्सिंग होममध्ये आदल्या संध्याकाळी पेशंट तपासायला गेले होते. बत्तीस-तेहतीस वर्षांची बाई कॉटच्या कडेला बसलेली, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, तळहात पिठासारखे पांढरे. हिमोग्लोबिन ७.२. मी पापणी खाली ओढून बघितली आणि विचारलं, "कशासाठी काढताय पिशवी?" ती म्हणाली, "मॅडम, पाळीत दोन दिवस घरी राहिलं तर मुकादम खाडा धरतो. पैसे कापून घेतो. फडावर ना मोरी ना पाणी. जावेनं काढली, तिची कटकट गेली." मी तिला सांगितलं की एवढ्या कमी रक्तावर मी उद्या भूल देणार नाही. ती रडायला लागली, कारण उचल घेऊन पैसे जमवले होते आणि नवऱ्यानं त्यासाठी सुट्टी काढली होती. सर्जन समजूतदार होते. त्यांनी शिरेतून लोह दिलं, रक्त कमी जायच्या गोळ्या दिल्या, थायरॉईड तपासलं तर तेच बिघडलेलं निघालं. दोन महिन्यांनी पाळी ताळ्यावर आली आणि ऑपरेशन रद्द झालं. पण तिचा खाडा आणि फडावरची मोरी हे प्रश्न आमच्यापैकी कोणी सोडवले नाहीत. पुढच्या वर्षी तिनं दुसरीकडे जाऊन काढून घेतली असेल, तर मी तिला दोष देणार नाही.

आणखी एक गैरसमज होऊ देऊ नका: जिथे प्रमाण कमी तिथलं बरोबर, असं मुळीच नाही. नागालँडमधलं ५.२ टक्के सिझेरियन म्हणजे तिथल्या बायका सुखानं बाळंत होतात असं नव्हे. ज्यांना खरंच लागतं त्यातल्या अनेकींपर्यंत ते पोचत नाही. गुडघे पार गेलेल्या, भिंत धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या खेड्यापाड्यांत घरोघर आहेत, मोतीबिंदूनं दिसेनासं झालेली माणसं आहेत, त्यांच्या वाट्याला ऑपरेशन येतच नाही. एकाच तालुक्यात एक ऑपरेशन जास्त आणि दुसरं कमी असं असू शकतं. म्हणून 'पुण्यातले म्हणाले म्हणजे खरं' असंही धरू नका. सिझेरियनच्या बाबतीत पुण्यातल्या खासगी दवाखान्यांकडे बोट दाखवायला मलाही पुष्कळ जागा आहे.

आता आईबद्दल. मी तिला तपासलेलं नाही, त्यामुळे काढा किंवा नका काढू हे मी सांगणार नाही. ते कशावर अवलंबून आहे एवढं सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासलाय का. चाळिशीनंतर एवढा रक्तस्राव असेल तर तो तपासायला हवा, आणि गर्भाशयाच्या तोंडाचा पॅप स्मिअरही. तुमच्या माहितीत या दोन्हींचा उल्लेख नाही. कॅन्सर आहे की नाही हे या तपासण्यांवरून कळतं, काकूच्या अनुभवावरून नाही. साडेतीन सेंटिमीटरची साधी गाठ कॅन्सरची निघणं फार विरळा. तपासणीत काही वेगळं आलं तर मात्र हा सगळा प्रश्नच बदलतो आणि थांबायचं कारण उरत नाही.

दुसरं, गाठ कुठे आहे. पिशवीच्या आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ छोटी असली तरी फार रक्त घालवते, आणि ती अनेकदा खालून दुर्बिणीनं काढता येते, पिशवी न काढता. बाहेरच्या अंगाला असेल तर रक्तस्रावाचं कारण ती नसूही शकते, मग गाठीसाठी पिशवी काढून काय मिळणार? सोनोग्राफीच्या कागदावर नुसतं माप असेल तर जागा विचारून घ्या.

तिसरं, हिमोग्लोबिन. ८.९ वर भूल देताच येत नाही असं नाही, तातडीच्या वेळी याहून कमी रक्तावर आम्ही देतो. पण सवडीनं करायच्या ऑपरेशनला मी ते आधी १० च्या वर आणून मागते. ऑपरेशन होवो न होवो, लोह आजपासून सुरू व्हायलाच हवं. यात दोन्ही डॉक्टरांत मतभेद व्हायचं कारण नाही.

चौथं, वय. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या सुमारास जाते, आणि नंतर अशा गाठी सहसा आकसतात. आईला तीन-चार वर्षं काढायची आहेत. हार्मोनची तांबी बसली तर ती तेवढा काळ निभावून नेऊ शकते, आणि तिला दर महिन्याच्या खेपा लागत नाहीत. आष्टीत राहणाऱ्या बाईसाठी गोळ्यांपेक्षा ती सोयीची. पुण्यातल्या मॅडमना हे नेमकं विचारा. आणि शेवटी पिशवी काढायचीच ठरली, तर बीजकोश ठेवणार का, हे आधी कागदावर लिहून घ्या. ४३ व्या वर्षी कारण नसताना तेही काढले तर पाळी एका दिवसात जाते, आणि हाडं व हृदय दोन्हींवर त्याचा भार पडतो. 'एवीतेवी पोट उघडलंच आहे' हे त्यासाठी पुरेसं कारण नाही.

या सगळ्यात आईला स्वतःला काय हवंय हे तुमच्या लिहिण्यात मला कुठे दिसलं नाही. मुलगा समोर असला की बायका पाळीबद्दल धड बोलत नाहीत. बायकोला किंवा बहिणीला तिच्याजवळ बसू द्या. किती कपडे बदलावे लागतात, रानात जाता येतं का, कॅन्सरची भीती मनात बसलीये का, हे तिच्या तोंडून कळू द्या. सगळं नीट समजल्यावर ती म्हणाली की मला आता हे नकोच, काढून टाका, तर तोही बरोबर निर्णय असू शकतो. माझ्या टेबलावर अशा बायका येतात आणि त्यांना भूल देताना माझ्या मनात किंतु नसतो. फक्त काकूची काढली म्हणून, किंवा गावात सगळ्यांचीच काढतात म्हणून ती येऊ नये.

व्हरमाँटमध्ये वेनबर्ग यांनी जास्त ऑपरेशनं होणाऱ्या भागातल्या डॉक्टरांपुढे त्यांचेच आकडे ठेवले, तेव्हा त्यांनी आपल्या पद्धतीचा पुन्हा विचार केला आणि टॉन्सिलची ऑपरेशनं झपाट्यानं कमी झाली. डॉक्टर ऐकत नाहीत असं नाही. म्हणून गावच्या डॉक्टरांशी भांडून येऊ नका, पुढे अडीअडचणीला तेच जवळ आहेत. त्यांना शांतपणे विचारा, "आईच्या रिपोर्टमध्ये अशी कुठली गोष्ट आहे जिच्यामुळे तीन महिने थांबता येणार नाही?" कारण असेल तर ते सांगतील, आणि ते कारण तुम्ही पुण्यात येऊन मॅडमना सांगा.

आणि आई परत जाण्याआधी पुण्यातल्या मॅडमकडून गावच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी घ्या. काय दिलंय, हिमोग्लोबिन पुन्हा कुठल्या तारखेला बघायचं, आणि कशाला थांबायचं नाही: तासाला एक पॅड भिजायला लागलं, उभं राहिल्यावर चक्कर आली, छातीत धडधड वाढली तर त्याच दिवशी तिथेच दाखवायचं, पुण्याच्या गाडीची वाट बघायची नाही. चिठ्ठीची एक प्रत आईच्या फाइलमध्ये ठेवा आणि एक फोटो बहिणीच्या मोबाइलवर पाठवा.